सायकलीच्या दुकानातील मुलाखत : पूर्वतयारी आणि कौशल्याची कसोटी

इ. स. १८८८ मध्ये बेळगाव येथे किर्लोस्कर बंधूंनी सायकलींच्या विक्रीचे आणि दुरुस्तीचे दुकान सुरू केले. धाकटे बंधू लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन करीत. मुंबईत सायकली खरेदी करून ते बेळगावास पाठवीत आणि थोरले बंधू रामुअण्णा तेथे त्या विकत व लोकांना चालवावयास शिकवीत. पुढे लोखंडी नांगर आणि १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी यांपर्यंत पोहोचलेल्या एका उद्योगसमूहाचा आरंभ अशा प्रकारे सायकलीच्या दुकानात झाला. त्याच काळात अमेरिकेतील डेटन या गावी राइट बंधू सायकलीचे दुकान चालवीत होते. १९०१ साली त्यांनी चार्ल्स टेलर नावाच्या यंत्रकारागिरास नोकरीवर घेतले. दोन वर्षांनी, १९०३ मध्ये, राइट बंधूंचे जे विमान आकाशात उडाले त्याचे इंजिन याच टेलरने घडविले होते.

सायकलीचे दुकान ही कारागिरीची पाठशाळा असते आणि तेथे माणूस निवडताना त्याच्या बोलण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या हातांना महत्त्व असते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसून येते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांना मुलाखत म्हटली की आयोगाची समिती, चालू घडामोडी आणि व्यक्तिमत्त्व चाचणी आठवते. तथापि देशातील बहुसंख्य रोजगार लहान आस्थापनांत आहे आणि तेथील मुलाखतीचे स्वरूप अगदी भिन्न असते. अशा मुलाखतीची पूर्वतयारी कशी करावी, तिच्यात नेमके काय पारखले जाते आणि उमेदवाराने स्वतः कोणते प्रश्न विचारावेत, याचे विवेचन येथे सायकलीच्या दुकानाच्या उदाहरणाने केले आहे.

हेब्बाळचा परिसर

कर्नाटकात हेब्बाळ नावाची दोन प्रसिद्ध ठिकाणे आहेत. एक बंगळूरमध्ये असून दुसरे म्हैसूर शहराच्या वायव्येस आहे. म्हैसूरच्या हेब्बाळमध्ये औद्योगिक वसाहत आहे, प्लास्टिक तंत्रज्ञानाचे शिक्षण देणारी 'सिपेट' ही केंद्रीय संस्था आहे आणि इन्फोसिस कंपनीचे विस्तीर्ण प्रशिक्षण संकुलही आहे. या संकुलात प्रशिक्षणार्थी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाण्यासाठी सायकली वापरतात. जून २०१७ मध्ये म्हैसूर शहरात 'ट्रिन ट्रिन' ही सार्वजनिक सायकल सेवा सुमारे ४५० सायकलींनिशी सुरू झाली. अशा प्रकारच्या देशातील आरंभीच्या सेवांत तिची गणना होते.

अशा परिसरातील सायकलीच्या दुकानात दोन अगदी वेगळ्या प्रकारचे ग्राहक येणे स्वाभाविक आहे. पहिला ग्राहक कारखान्यातील कामगार. त्याची जुनी काळी सायकल हेच त्याचे कामावर जाण्याचे साधन असते. दुसरा ग्राहक चामुंडी टेकडीच्या चढणीवर सकाळी व्यायामासाठी जाणारा सुशिक्षित तरुण. त्याला गिअर, डिस्क ब्रेक आणि हलकी फ्रेम हवी असते. दुकानात काम करू इच्छिणाऱ्या उमेदवारास या दोघांशीही सारख्याच आदराने बोलता आले पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर स्कूटर वा मोटारसायकल २१ टक्के कुटुंबांकडे होती. यावरून सायकल हे प्रामुख्याने गरजेचे वाहन आहे, ही बाब स्पष्ट होते.

मुलाखतीची आवश्यकता का निर्माण झाली ?

पूर्वीच्या काळी सायकलीच्या दुकानात मुलाखत हा प्रकार नव्हता. दहा-बारा वर्षांचा मुलगा दुकानात येई, आधी हवा भरी, मग पंक्चर काढावयास शिके आणि काही वर्षांनी मिस्त्री होई. या पद्धतीत कौशल्य मिळत असे. पण त्यासाठी शाळा सुटे. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, कौटुंबिक उद्योगातील मदतीसारखे मर्यादित अपवाद वगळता, सर्वच व्यवसायांत बंदी आली. दुसरीकडे गिअरच्या आणि विजेवर चालणाऱ्या सायकली आल्याने दुकानाचे कामही गुंतागुंतीचे झाले. परिणामी शिकलेला, वाचता-लिहिता येणारा आणि यंत्राची समज असलेला प्रौढ तरुण दुकानदारास हवा असतो. तो निवडण्यासाठी विचारपूस, प्रात्यक्षिक आणि वेतनाची बोलणी असा त्रिविध स्वरूपाचा संवाद होतो. हीच या दुकानातील मुलाखत होय.

मुलाखतीपूर्वीची तयारी

तयारीचा पहिला टप्पा म्हणजे निरीक्षण. मुलाखतीपूर्वी एक-दोन दिवस दुकानावरून जावे. शक्य असल्यास स्वतःच्या सायकलीचे एखादे किरकोळ काम तेथे करवून घ्यावे. दुकानात नव्या सायकलींची विक्री अधिक आहे की दुरुस्ती अधिक, लहान मुलांच्या सायकली किती आहेत, गर्दी कोणत्या वेळी होते, हे पाहून ठेवावे. 'या दुकानात तुम्हाला काम का करावयाचे आहे ?' या प्रश्नाचे खरे उत्तर अशा निरीक्षणातूनच मिळते.

दुसरा टप्पा मालाच्या माहितीचा. भारतीय सायकल उद्योगाची स्थूल रूपरेषा उमेदवारास ठाऊक असावी. लुधियाना हे या उद्योगाचे मुख्य केंद्र असून हीरो सायकल्सची स्थापना तेथेच १९५६ मध्ये झाली. हर्क्युलस आणि बीएसए ही नावे चेन्नईच्या टीआय सायकल्सशी निगडित आहेत. करविषयक माहितीही आवश्यक ठरते. सायकली व त्यांचे सुटे भाग यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. म्हणजे करापूर्वी १०,००० रुपये किंमत असलेल्या सायकलीवर पूर्वी १,२०० रुपये कर पडे, तो आता ५०० रुपये पडतो. हा हिशेब कागदाशिवाय सांगता येणारा उमेदवार विक्रीच्या कामास योग्य ठरतो.

तिसरा टप्पा भाषेचा. म्हैसूरमध्ये नोकरी शोधणाऱ्या मराठी तरुणास व्यवहारापुरती कन्नड भाषा येणे अगत्याचे आहे. 'गाळि' म्हणजे हवा, 'एष्टु' म्हणजे किती आणि 'नाळे' म्हणजे उद्या, एवढे शब्दही पहिल्या दिवशी उपयोगी पडतात. हेच तत्त्व उलट दिशेनेही लागू पडते. कोल्हापूर वा पुणे येथे येणाऱ्या परप्रांतीय कारागिरास मराठी शिकावी लागते. ग्राहकाची तक्रार त्याच्या भाषेत समजली नाही तर दुरुस्ती चुकीच्या भागाची होते.

कागदपत्रांची सिद्धता हा चौथा टप्पा. शालान्त परीक्षेचे गुणपत्रक, ओळखपत्र आणि असल्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र यांच्या प्रती बरोबर असाव्यात. पूर्वी कोठे काम केले असल्यास तेथील मालकाची संमती घेऊन त्याचे नाव संदर्भासाठी द्यावे. कपडे स्वच्छ असावेत. पण प्रात्यक्षिकात हात काळे होणार आहेत, याचे भान ठेवूनच ते निवडावेत.

प्रात्यक्षिक : हातांची परीक्षा

मुलाखतीचा गाभा प्रात्यक्षिकात असतो. पंक्चर काढणे हे सर्वांत साधे काम. परंतु उमेदवाराची शिस्त त्यातच दिसते. ट्यूब पाण्यात बुडवून छिद्र शोधणे, ती जागा कोरडी करून घासणे, सॉल्युशन लावल्यावर ते किंचित सुकेपर्यंत थांबणे आणि मगच पॅच दाबणे, हा क्रम बहुतेकांना येतो. अनेकजण विसरतात ती बाब निराळीच आहे. ट्यूब परत बसविण्यापूर्वी टायरच्या आतून सावधपणे बोट फिरवून काटा किंवा खिळा अडकलेला नाही, याची खात्री करावयाची असते. ही खात्री न केल्यास तेच पंक्चर दुसऱ्या दिवशी पुन्हा होते आणि ग्राहकाचा दुकानावरील विश्वास उडतो.

दुसरी नेहमीची कसोटी पेडलची. उजव्या पेडलचे आटे सरळ असतात, तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सायकल चालविताना पेडलच्या आसावर भार फिरत राहतो व त्याच्या परिणामाने सरळ आट्यांचे डावे पेडल हळूहळू सैल होऊन निघून आले असते. म्हणून ही योजना केलेली असते. ज्याला हे ठाऊक नाही तो जोर लावून डावे पेडल चुकीच्या दिशेने फिरवतो आणि क्रँकचे आटे खराब करतो.

तिसरी कसोटी टायरच्या मापाची. '२६ इंची टायर द्या' असे ग्राहक म्हणतो. परंतु २६ इंच या एकाच नावाखाली निरनिराळ्या व्यासांच्या रिम प्रचलित आहेत. २६ × १.९५ मापाचा टायर ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, तर २६ × १⅜ मापाच्या टायरसाठी ५९० मिलिमीटर व्यासाची रिम लागते. हे दोन टायर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. यास्तव टायरच्या कडेवर छापलेले मिलिमीटरचे माप वाचण्याची सवय असणे हा उत्तम उमेदवाराचा गुण मानला जातो. त्याचप्रमाणे साध्या सायकलीचा वॉलट्यूबचा व्हॉल्व्ह, मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह आणि शर्यतीच्या सायकलीचा बारीक व्हॉल्व्ह हे तिन्ही ओळखता आले पाहिजेत.

चाकाचा आऊट काढणे, म्हणजे स्पोकचे निपल थोडे थोडे कमीअधिक आवळून रिम सरळ करणे, हे कौशल्य सरावानेच येते. संपूर्ण सायकल खोलून छर्रे, कोन व आस साफ करण्याच्या कामास मूळ शब्द 'ओव्हरहॉलिंग'. दुकानांतून तो 'ओव्हरऑइलिंग' म्हणून रूढ झाला. नवख्या उमेदवाराकडून या कामांत पूर्ण नैपुण्याची अपेक्षा नसते. 'हे मला अद्याप येत नाही. पण शिकण्याची तयारी आहे' असे स्पष्ट सांगणे हे चुकीच्या पद्धतीने हात घालण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर होय.

सुरक्षितता : खरा प्रश्न

कारखान्यातून येणारी सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली असते. तिची अंतिम जोडणी दुकानात होते. म्हणून सायकल सुरक्षित आहे की नाही, हे अखेरीस दुकानातील कामगाराच्या हाती असते. पुढचा फोर्क उलटा बसला, हँडलचा बोल्ट सैल राहिला किंवा सीटचा दांडा किमान खोलीच्या खुणेच्या वर ओढला गेला, तर अपघात अटळ ठरतो. विशेष म्हणजे अशा चुका दुकानाच्या दारात दिसत नाहीत. त्या उतारावर, वळणावर किंवा मालमोटारीच्या शेजारी उघडकीस येतात.

म्हणूनच अनुभवी दुकानदार उमेदवारास जोडलेली सायकल दाखवून 'ही ग्राहकाला द्यावी काय ?' असे विचारतो. येथे घाईने होकार देणे हीच मोठी चूक. उमेदवाराने प्रथम दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरते का ते तपासावे, दोन्ही चाकांचे नट, पेडल, साखळीचा ताण, टायरमधील हवा आणि रिफ्लेक्टर पाहावेत, थोडे अंतर सायकल चालवून पाहावी आणि मगच उत्तर द्यावे. सायकलींवरील परावर्तकांच्या गुणवत्तेसाठी केंद्र शासनाने २०२० मध्ये स्वतंत्र आदेश काढला, यावरून या छोट्या लाल-पांढऱ्या तुकड्यांचे महत्त्व ध्यानात येते.

विक्रीच्या बाजूसही असाच प्रश्न उपस्थित होतो. सात-आठ वर्षांच्या मुलास घेऊन आलेले पालक म्हणतात, 'थोडी मोठीच द्या, आणखी तीन वर्षे चालेल.' कपड्यांच्या आणि चपलांच्या बाबतीत आपल्याकडे ही रीत सर्रास आहे. परंतु ज्या सायकलीवर बसून मुलाचे पाय जमिनीस टेकत नाहीत किंवा ज्याची बोटे ब्रेकपर्यंत पोहोचत नाहीत, त्या मुलास ती सायकल थांबविता येत नाही. मोठी सायकल अधिक किमतीची असल्याने दुकानाचा तात्कालिक लाभ तिच्या विक्रीतच असतो. अशा वेळी काय करावे, असे मुलाखतीत विचारले गेल्यास योग्य उत्तर एकच आहे : मुलास प्रत्यक्ष सायकलीवर बसवून पालकांना दाखवावे आणि सीट व हँडल वर घेण्यास पुरेसा वाव असलेली, आज बसणारी सायकल सुचवावी. जो दुकानदार हे उत्तर ऐकून नाराज होतो, त्याच्याकडे नोकरी करावी की नाही, याचा विचार उमेदवारानेही केला पाहिजे.

विजेवर चालणाऱ्या सायकलींविषयी ग्राहक हमखास विचारतात की, परवाना लागतो काय ? केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या वाहनाच्या मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी व कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो आणि जे इतर विहित अटी पूर्ण करते, ते मोटार वाहन समजले जात नाही. त्याहून अधिक वेगाची गाडी 'सायकल' म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक ठरते.

'परीक्षेत यश आल्यास सोडून जाल काय ?'

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या उमेदवारास हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तोच सर्वांत अवघड असतो. परीक्षेची बाब लपवून नोकरी मिळविता येते. परंतु पूर्वपरीक्षेच्या दिवशी खोटे कारण सांगून रजा घ्यावी लागते आणि विश्वास संपतो. दुकानदारासही काळजी असते. नव्या मुलास शिकविण्यात त्याचे काही महिने जातात आणि शिकलेला मुलगा निघून गेला की ते श्रम वाया जातात.

यावर व्यवहार्य मार्ग आहे. उमेदवाराने परीक्षेच्या संभाव्य तारखा प्रथमच सांगाव्यात, किमान किती काळ राहणार ते निश्चित करावे आणि सोडण्यापूर्वी किती दिवस आधी कळवील, याचा शब्द द्यावा. त्या बदल्यात सकाळचे दोन तास अभ्यासासाठी मोकळे मागावेत. शाळा उघडण्याच्या आणि सणांच्या दिवसांत दुकानात गर्दी असते, तेव्हा रजा घेणार नाही, असे सांगितल्यास या मागणीस बळ येते. सत्य सांगितल्याने एखादी नोकरी हुकेल. पण जी मिळेल ती टिकेल. शिवाय कामातून मिळणारा अनुभव परीक्षेच्या दृष्टीनेही निरर्थक नसतो. असंघटित क्षेत्र, वस्तू व सेवा कर, कौशल्यविकास हे विषय पुस्तकात वाचलेल्या आणि दुकानात पाहिलेल्या उमेदवाराच्या उत्तरांत फरक पडतोच.

उमेदवाराने विचारावयाचे प्रश्न

मुलाखत ही दुतर्फी असते. वेतन किती, ते कोणत्या तारखेस मिळेल, साप्ताहिक सुटी कोणती, कामाचे तास किती आणि हत्यारांची मोडतोड झाल्यास तिचा भार कोणावर, हे प्रश्न नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावेत.

यासाठी कायद्याची मूलभूत माहिती हवी. १९३६ चा वेतन प्रदान कायदा, १९४८ चा किमान वेतन कायदा, १९६५ चा बोनस कायदा आणि १९७६ चा समान वेतन कायदा एकत्र करून वेतन संहिता, २०१९ तयार झाली व ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पूर्वी किमान वेतनाचे संरक्षण अनुसूचित रोजगारांपुरते मर्यादित होते. संहितेने ते सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत नेले. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत देणे आणि नोकरी सुटल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करणे बंधनकारक आहे. सारख्या कामासाठी भरती करताना व वेतन देताना स्त्री-पुरुष असा भेद करता येत नाही. सायकल दुरुस्ती हे पुरुषांचेच काम, ही समजूत कायद्यासही मान्य नाही.

भविष्य निर्वाह निधीची तरतूद साधारणतः वीस किंवा अधिक, तर राज्य विमा योजनेची दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांस लागू होते. तीन-चार माणसांच्या दुकानात हे लाभ सहसा मिळत नाहीत. म्हणूनच वेतन, कामाचे तास व सुटी लिहिलेला साधा सहीचा कागद मागणे तेथे अधिक महत्त्वाचे ठरते. 'दोन दिवस काम करून दाखवा, मग पाहू' असे सांगितले गेल्यास तासाभराचे प्रात्यक्षिक आणि दिवसभराचे काम यांतील भेद उमेदवाराने ओळखावा. दिवसभराच्या कामाची मजुरी आधीच ठरवून घ्यावी.

समारोप

दुकानातील नोकरी हा अनेकांसाठी अंतिम मुक्काम नसतो. काम शिकून स्वतःचे दुकान उघडू इच्छिणाऱ्यांसाठी एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत विनातारण कर्जाची सोय आहे. त्या कर्जाच्या अर्जासही अनुभवाचा आधार लागतो आणि तो अनुभव अशाच एखाद्या दुकानात मिळतो.

हेब्बाळ असो वा बेळगाव, सायकलीच्या दुकानातील मुलाखत अखेरीस एकाच प्रश्नाभोवती फिरते : या माणसाने आवळलेल्या नटावर विसंबून एखाद्याने आपल्या मुलास शाळेत पाठवावे काय ? या प्रश्नाचे उत्तर पाठांतराने देता येत नाही. टायरच्या आत फिरविलेले बोट, न येणाऱ्या कामाची दिलेली कबुली आणि योग्य मापाची सुचविलेली सायकल यांतून ते दुकानदारास मिळत असते. ज्या उमेदवाराने ही सवय मुलाखतीपूर्वीच अंगी बाणविली, त्याची तयारी पूर्ण झाली असे समजावे.